सात मिलिमीटरची पाटी

आमच्या धाकट्याला रेल्वेचं वेड लागलं ते कोथरूडमधल्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात. सहावीत असताना त्याला पहिल्यांदा तिथे नेलं होतं. दहावीची परीक्षा संपली आणि त्याने जाहीर केलं, की या सुट्टीत १९३० सालच्या डेक्कन क्वीनचे दोन डबे आणि त्या काळातल्या फलाटाचा एक तुकडा बनवायचा. माप ठरलं मूळ आकाराच्या सत्त्याऐंशीव्या भागाचं. या छंदातले लोक त्याला एचओ म्हणतात.

डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी पुणे आणि मुंबईदरम्यान धावू लागली. त्याच्या आदल्याच वर्षी या मार्गावर पुण्यापर्यंत वीज आली होती. सात-सात डब्यांच्या दोन गाड्या होत्या. एक चंदेरी, तिच्यावर लाल पट्ट्या. दुसरी गडद निळी, तिच्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे सांगाडे इंग्लंडमधून आले आणि वरचं शरीर माटुंग्याच्या कारखान्यात तयार झालं. गाडीत फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसरा वर्ग जोडला गेला थेट १९५५ साली. म्हणजे पहिली पंचवीस वर्षं ही पुण्याची राणी आमच्या मोमिनपुऱ्यातल्या कुणालाही लांबूनच पाहण्यासाठी होती.

मुलाने कामांची यादी करून फ्रिजवर चिकटवली. शेवटच्या भागाचं शीर्षक होतं ‘डेकल्स’. त्याखाली तीन गोष्टी: निळ्या डब्यावरच्या सोनेरी रेघा, डब्यावरची अक्षरं, फलाटावरच्या पाट्या. पाट्यांपुढे कंसात लिहिलं होतं, ‘हिंदू पानी, मुस्लिम पानी’.

मी ती ओळ वाचली आणि काही न बोलता दूध आत ठेवलं.

आधी डेकल म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही ते याच सुट्टीत नीट कळलं. आपल्या घरात आईचं किंवा आजीचं शिलाई मशीन असेल तर त्याच्या काळ्या अंगावरची सोनेरी वेलबुट्टी आठवा. सिंगर असो की उषा, ती वेलबुट्टी कुणी कारागिराने प्रत्येक मशीनवर बसून रंगवलेली नसते. ती आधी कागदावर छापलेली असते, मग ओली करून लोखंडावर उतरवलेली असते. कागद निघून जातो, नक्षी राहते. जुन्या सायकलींच्या पुढच्या नळीवरचा कंपनीचा छाप, चिनी मातीच्या बशीवरची फुलं, हे सगळं त्याच जातीचं. जुने लोक याला ‘ट्रान्सफर’ म्हणत. स्टिकरमध्ये कागद किंवा प्लास्टिक वस्तूवर कायम राहतं. इथे राहते ती जवळजवळ फक्त शाई.

ही युक्ती जुनी आहे. लिव्हरपूलच्या जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी १७५६ साली शपथेवर लिहून दिलं होतं, की कुणाच्याही मदतीशिवाय त्यांनी सहा तासांत बाराशेहून जास्त टाइल छापल्या. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र आधी कागदावर घ्यायचं आणि तो कागद ओला असतानाच टाइलवर दाबायचा, ही त्या काळची रीत. एकेक टाइल हाताने रंगवणाऱ्या कारागिरांच्या पोटावर त्या सहा तासांत किती पाय पडला असेल, हा विचार मला पुढे बडे अब्बांशी बोलताना आला.

आता हेच काम घरच्या इंकजेट प्रिंटरवर होतं. त्यासाठी खास कागद मिळतो. खाली साधा कागद, त्यावर पाण्यात विरघळणाऱ्या डिंकाचा थर आणि सगळ्यात वर एक पातळ पारदर्शक पापुद्रा. छपाई होते ती या पापुद्र्यावर. मग चित्र कापायचं, पाण्यात बुडवायचं, अर्ध्या मिनिटात डिंक सुटतो आणि पापुद्रा कागदावरून घसरतो. तो मॉडेलवर सरकवून जागेवर बसवायचा आणि खालचं पाणी कापसाने टिपून घ्यायचं.

ऐकायला सोपं वाटतं. आमचा पहिला ताव पाण्यात टाकला आणि वाटीतलं पाणी निळं झालं. इंकजेटची शाईच पाण्यात विरघळणारी असते, हे आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. छापल्यावर ताव पूर्ण वाळू द्यायचा, मग त्यावर ॲक्रिलिकच्या पारदर्शक स्प्रेचे दोन-तीन हलके हात मारायचे आणि एक दिवस थांबायचं. एकदम जाड हात मारला तर स्प्रेच शाई वाहवून नेतो. दुसऱ्या तावात तेही शिकलो. तिसऱ्या वेळी अक्षरं छान उतरली, पण खरखरीत रंगावर बसवल्यामुळे पापुद्र्याखाली हवा अडकली आणि अक्षरांभोवती चांदीसारखी झाक आली. म्हणून आधी डब्याला चकचकीत वार्निश, त्यावर डेकल आणि सगळ्यात शेवटी हवं तर मॅट वार्निश.

खरी अडचण मात्र रंगांची होती. घरच्या प्रिंटरमध्ये निळी, गुलाबी, पिवळी आणि काळी शाई असते. सोनेरी नसते आणि पांढरीही नसते. प्रिंटरला पांढरा रंग माहीतच नाही. तो जिथे पांढरं दाखवायचं तिथे काही छापत नाही आणि कागदाला पांढरं असू देतो. पारदर्शक पापुद्र्यावर हे चालत नाही, खालचा निळा रंग दिसतो. सोनेरी रेघांसाठी मुलाने कोऱ्या डेकल कागदावर सोनेरी रंगाचा हात मारला आणि वाळल्यावर ब्लेडने अर्ध्या मिलिमीटरच्या पट्ट्या कापल्या. काळ्या पाट्यांवरच्या पांढऱ्या अक्षरांसाठी पांढरा डेकल कागद आणला. त्यावर अक्षरं छापायची नाहीत, भोवतालचा काळा रंग छापायचा आणि अक्षराची जागा रिकामी ठेवायची. जे वाचायचं तेच छापलेलं नसतं.

मग आल्या त्या पाण्याच्या पाट्या.

मी सुरुवातीला टाळाटाळ केली. ‘‘एवढं बारीक कोणाला दिसणार आहे?’’ म्हटलं. खरी पाटी साठ सेंटिमीटर रुंद धरली तर मॉडेलवर ती जेमतेम सात मिलिमीटरची होते. मुलगा म्हणाला, ‘‘अम्मी, खिडकीच्या कड्या दोन मिलिमीटरच्या आहेत. त्या लावल्या तेव्हा तू काही म्हणाली नाहीस.’’

मग खरं कारण सांगितलं. हे मॉडेल सोसायटीच्या हॉलमध्ये मांडलं जाणार. लोक मोबाइलवर फोटो काढणार. डेक्कन क्वीनचा फोटो कुणी पुढे पाठवणार नाही, ‘मुस्लिम पानी’चा पाठवेल. खाली कोण काय लिहील ते सांगता येत नाही. तुम्हालाच वेगळा नळ हवा होता, असं म्हणणारे मी वर्गाबाहेरच्या स्टाफरूममध्ये ऐकले आहेत.

तो म्हणाला, ‘‘पण पाटी नाही लावली तर असं दिसेल, की तेव्हा सगळे एकाच माठातलं पाणी पीत होते. ते खोटं होईल ना?’’

मी शाळेत इतिहासही शिकवते. मला उत्तर सुचलं नाही.

इंग्रजांच्या काळात देशभरच्या स्टेशनांवर हिंदूंचं पाणी आणि मुसलमानांचं पाणी वेगळं असे. हिंदू प्रवाशांना पाणी देणारा ब्राह्मण ‘पानी पांडे’ या नावाने ओळखला जाई. उपाहारगृहंही वेगळी होती. ‘हिंदू’ ही पाटी सगळ्या हिंदूंसाठी होती असंही समजू नये. डेक्कन क्वीन सुरू होण्याच्या तीनच वर्षं आधी, २० मार्च १९२७ रोजी, डॉ. आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायला सत्याग्रह करावा लागला होता. पाटीवर दोन नावं असत. ज्यांना त्या दोन्हींत जागा नव्हती त्यांच्यासाठी पाटीच नसे. आणि दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या सैनिकांना कैदेत ठेवलं तेव्हा त्यांनाही ‘हिंदू चहा’ आणि ‘मुस्लिम चहा’ असा वेगवेगळा चहा येई. त्यांनी गांधीजींना सांगितलं, की आम्ही दोन्ही एकत्र ओततो आणि वाटून पितो.

हे सगळं मी मुलाला सांगितलं आणि सांगता सांगता मलाच कळलं, की पाटी नसेल तर यातलं काहीच कुणी विचारणार नाही. ‘‘कर,’’ म्हटलं. ‘‘पण अक्षर नीट हवं.’’

अक्षरावरच गाडी अडली. तो ज्या सॉफ्टवेअरमध्ये डेकल आखत होता त्यात उर्दू टाइप केलं, की मीम, सीन, लाम, मीम ही चारही अक्षरं सुटी पडत आणि तीही डावीकडून उजवीकडे. ‘मुस्लिम’ या शब्दात ही चारही अक्षरं एकमेकांचा हात धरून एका दमात लिहिली जातात. सुटी केली तर शब्द उरत नाही, अक्षरांची यादी उरते. देवनागरीचीही फार बरी गत नव्हती. ‘हिंदू’मधली वेलांटी ‘ह’च्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवणाऱ्या बाईच्या घरात दोन्ही लिप्या एकाच पडद्यावर मोडून पडल्या होत्या.

शेवटी मी म्हटलं, ‘‘नानांना विचारू.’’ मुलाचे नाना म्हणजे माझे बडे अब्बा, वडिलांचे थोरले भाऊ. वय चौऱ्याऐंशी. कोंढव्यात आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतात. तरुणपणी मुंबईला भेंडीबाजारात एका छापखान्यात कातिब होते. उर्दू पुस्तकांचा मजकूर हाताने लिहिणं हे त्यांचं काम.

ते वर आले तेव्हा मुलगा वाटीत डेकल बुडवून बसला होता. बडे अब्बा चष्मा कपाळावर सरकवून वाकले. कागदावरून पापुद्रा घसरला, अक्षरं पाण्यात तरंगली. ते म्हणाले, ‘‘ये तो कापी है, बेटा.’’

मग त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर कधी विचारलंच नव्हतं.

शिळाछाप, म्हणजे लिथोग्राफी, १७९६ च्या सुमारास बव्हेरियात आलॉयस झेनेफेल्डर या नाटककाराने शोधून काढली. आपली नाटकं स्वस्तात छापता यावीत हा त्याचा हेतू. चुनखडीच्या गुळगुळीत शिळेवर तेलकट शाईने लिहायचं आणि शिळा ओली करायची. पाणी कोऱ्या दगडावर राहतं, तेलकट अक्षरावर ठरत नाही. मग छपाईची शाई फिरवली, की ती फक्त अक्षरांना धरते. पण कागदावर सुलट छापायचं तर शिळेवर सगळं उलटं लिहावं लागतं. यावर तोडगाही झेनेफेल्डरनेच काढला: लेप दिलेला कागद. त्यावर सुलट लिहायचं आणि कागद ओला करून शिळेवर दाबायचा. लेप पाण्याने सुटतो, शाई दगडाला चिकटते.

कातिब लिहीत तो हाच कागद. पिवळा लेप दिलेला, त्याला म्हणत कापी. बडे अब्बांनी उमेदवारीची पहिली वर्षं त्यावरच काढली. कापी शिळेवर उतरली, की संगसाज बसे. शिळेवरच्या उलट्या अक्षरांतल्या चुका तो उलट्याच अक्षरांत दुरुस्त करी. ‘‘आम्ही सुलट लिहायचो, तो उलटं वाचायचा,’’ बडे अब्बा म्हणाले. ‘‘एखादा नुक्ता सुटला तर तो वरून ओरडायचा. त्याला अख्ख्या छापखान्यात सगळ्यात जास्त उर्दू येत होती आणि तीही आरशातली.’’

मुलाच्या वाटीतला डिंक आणि कातिबाच्या कागदावरचा लेप यांचं काम एकच: पाणी लागेपर्यंत शाई धरायची आणि पाणी लागलं की सोडायची. एवढाच फरक, की कापीवरचं अक्षर शिळेवर उलटं होतं आणि छापल्यावर पुन्हा सुलट. डेकल एकदाही उलटत नाही. आणि हे नातं नुसतं दिसण्यापुरतं नाही. एकोणिसाव्या शतकात बशांवरची आणि यंत्रांवरची रंगीत डेकलंही शिळेवरच छापली जात. उर्दू किताब आणि शिलाई मशीनवरची वेलबुट्टी ही एकाच दगडाची लेकरं.

मराठीसुद्धा याच दगडावर वाढली, हे आपण विसरतो. गणपत कृष्णाजींनी मुंबईत १८३१ साली मराठी पंचांग छापलं ते शिळाछापावर. हाताने लिहिलेल्या पंचांगाची सवय असलेल्या लोकांपुढे पहिलं छापील पंचांग आलं तेही हाताच्या वळणाचंच. पुढे जावजी दादाजींच्या निर्णयसागरने १८६९ पासून देवनागरीचे असे सुबक खिळे वापरले, की मराठी ग्रंथ शिसाकडे वळले. दगडाकडे राहिली चित्रं. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली सुरू केलेल्या चित्रशाळेची रंगीत चित्रं घराघरांतल्या भिंतींवर गेली ती शिळाछापानेच.

उर्दू मात्र दगडावरच थांबली. लखनौचा नवल किशोर छापखाना १८५८ साली निघाला. त्याचे मालक मुन्शी नवल किशोर हिंदू होते आणि त्यांनी उर्दू, फारसी, अरबी ग्रंथांचा डोंगर छापला, त्यात कुरआनही. तोही मुख्यतः शिळेवर. मौलाना आझादांनी १९१२ साली कलकत्त्याहून ‘अल-हिलाल’ काढलं तेव्हा खिळे वापरून पाहिले, पण त्यांचं वळण नस्ख होतं. वाचकाचा जीव नस्तालीकमध्ये अडकला होता. नस्तालीकमध्ये अक्षर शेजाऱ्याप्रमाणे आकार बदलतं, शब्द तिरका उतरत येतो. चौकोनी खिळ्यांत ते बसत नाही.

मी बी.एड. करत होते तेव्हा हे ‘उर्दूचं मागासलेपण’ म्हणून शिकले आणि काही वर्षं तसंच शिकवलंही. आता तसं म्हणवत नाही. खिळे सुट्या अक्षरांच्या लिपीसाठी घडले होते. ज्या लिपीत अक्षरं हात सोडत नाहीत तिने आपलं वळण सांभाळायला दगड पत्करला. वेग गमावला, शब्द राखला. आमची मोडीही अशीच धावती लिपी. छपाईत तिने बाळबोधीला जागा दिली आणि आज मोडी वाचणारे शोधावे लागतात. उर्दूने दगड धरून ठेवला नसता तर तिचंही काही वेगळं झालं असतं असं मला वाटत नाही.

१९८१ साली लाहोरच्या ‘जंग’साठी नूरी नस्तालीक वापरात आलं. खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे वीस हजार जोडआकार हाताने लिहिले आणि मोनोटाइप कंपनीने ते संगणकात भरले. १९९४ साली दिल्लीहून इनपेज आलं. त्यानंतर काही वर्षांतच भेंडीबाजारात कातिबांचं काम आटलं. बडे अब्बा पुण्याला परत आले. मी तेव्हा शाळेत होते. ‘‘कंप्यूटर का नाही शिकत?’’ असं मी त्यांना एकदा विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नव्हतं. त्या पडद्यावरचं अक्षर वीस हजार वेळा एखाद्या कातिबानेच लिहिलेलं आहे, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

पाट्यांचं काम दोन दिवसांत झालं. बडे अब्बांनी बोरूला जाड कट दिला, कारण सात मिलिमीटरमध्ये बारीक रेघ मरते. ए-फोर कागदावर आडवं, पानभर ‘मुस्लिम पानी’ लिहिलं. हात थरथरतो, पण बोरू टेकला की थांबतो. मग बोरू माझ्यापुढे धरून म्हणाले, ‘‘हिंदू पानी तू लिख. तेरी मराठी अच्छी है.’’ मी लिहिलं. मुलाने दोन्ही कागद स्कॅन केले, काळं-पांढरं उलटवलं, लहान केलं आणि एका तावावर दोन्हींच्या चाळीस-चाळीस प्रती छापल्या. स्प्रे, एक दिवस, पाणी, कापूस.

हॉलमध्ये मॉडेल मांडलं तेव्हा मी शेजारी खुर्ची टाकून बसले होते, भांडायच्या तयारीने. बहुतेकांनी गाडीच पाहिली. तळमजल्यावरच्या एका आजोबांनी वाकून पाटी वाचली आणि शेजारी उभ्या नातवाला दोन माठांची गोष्ट सांगायला सुरुवात केली. त्यांच्या वडिलांकडून त्यांनी ती ऐकली होती. फोटोही निघाले. त्याखाली कोणी काय लिहिलं ते मी पाहिलेलं नाही.

आता मुलाला १९५५ सालचा फलाट करायचा आहे, तिसरा वर्ग जोडलेल्या डेक्कन क्वीनसकट. त्यासाठी तो नवीन पाट्या छापणार नाहीये. उरलेल्या तावातून त्याने ब्लेडने ‘मुस्लिम’ आणि ‘हिंदू’ कापून बाजूला काढले. उर्दूत आणि मराठीत, दोन्हीकडे ‘पानी’ हा शब्द सुटाच लिहिलेला असतो. तो अखंड राहिला.